जागतिक बँकेचा पैसा गावात येतो, तो फेडतं कोण?

प्रश्न : आमच्या गावात 'पोकरा'तून शेडनेट झाली, ठिबक आलं, काहींची शेततळी झाली. कृषी खात्याचे लोक सांगतात की हा जागतिक बँकेचा पैसा आहे. महाराष्ट्र सरकार असा पैसा थेट परदेशातून आणू शकतं का? आणि तो परत करायचा असतो की मदत म्हणून मिळतो?
*— एक शेतकरी वाचक, जालना जिल्हा*

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. तो पैसा परत करायचा असतो, व्याजासकट आणि डॉलरमध्ये. ज्याला आपण पोकरा म्हणतो तो नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, आणि त्याच्या पहिल्या टप्प्यासाठी जागतिक बँकेनं फेब्रुवारी २०१८ मध्ये ४२ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. प्रकल्प साधारण चार हजार कोटी रुपयांचा होता. त्यातले सुमारे २,८०० कोटी या कर्जातून आणि उरलेले १,२०० कोटी राज्याच्या तिजोरीतून यायचे होते. मराठवाडा, विदर्भ आणि जळगाव मिळून १५ जिल्ह्यांतली ५,१४२ गावं त्यात होती. त्यातली ९३२ गावं पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातली, जिथं विहिरीला पाणी लागलं तरी ते पिकाला चालत नाही.

आता पहिला प्रश्न. राज्य सरकार थेट परदेशातून कर्ज काढू शकत नाही. राज्यघटनेच्या कलम २९३ नुसार राज्याला कर्ज उभारायचा अधिकार भारताच्या हद्दीपुरताच आहे. परदेशी कर्जाचा करार केंद्र सरकार करतं आणि मग तो पैसा राज्याला देतं. राज्याच्या खात्याला प्रकल्पाची कल्पना सुचली की ती आधी मंत्रालयात, वित्त आणि नियोजन विभागांकडून तावूनसुलाखून निघते. मग दिल्लीत अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाकडे प्राथमिक प्रकल्प अहवाल जातो. तिथली छाननी समिती ठरवते की हा प्रस्ताव जागतिक बँकेकडे पाठवायचा, आशियाई विकास बँकेकडे, जपानच्या जायकाकडे की कुणाकडेच नाही. त्यानंतर बँकेची पथकं येतात, गावं फिरतात, पर्यावरणाचा आणि विस्थापनाचा अभ्यास मागतात, खरेदीचे नियम ठरवतात. कल्पनेपासून करारापर्यंत दोन-तीन वर्षं सहज निघून जातात.

पोकराच्या बाबतीत काळ कसा होता ते आठवून पाहा. मराठवाड्यानं लागोपाठ दुष्काळ सोसले होते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पिण्याचं पाणी न्यावं लागलं, आणि त्या गाडीची छायाचित्रं देशभर छापून आली. पण छायाचित्रांनी कर्ज मंजूर होत नसतं. तिथं कामाला येतो तो अनेक वर्षांचा पाऊस, भूजल आणि पिकांचा हिशेब, आणि एका गावात नेमकं काय करणार याचा आराखडा. आयआयटी मुंबईच्या मदतीनं गावागावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत याच प्रकल्पात बसवली गेली. पाऊस किती पडला, किती वाहून गेला, किती मुरला, पिकांना किती लागला, हे गावपातळीवर मांडायचं आणि त्यावरून कामं ठरवायची. माझ्या मते या प्रकल्पातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. शेडनेट फाटेल, ठिबकच्या नळ्या बदलाव्या लागतील, पण आपल्या शिवारात किती पाणी आहे हे गावाला कळणं ही आयुष्यभर पुरणारी गोष्ट आहे. हे करायला जागतिक बँकेची गरज का पडावी, असा प्रश्न मात्र आपण आपल्याच सरकारला विचारायला हवा.

पैशाची वाटही समजून घेण्यासारखी आहे. बँक काही रक्कम आगाऊ देते, पण मूळ रीत परताव्याची आहे. राज्य आपल्या अर्थसंकल्पात तरतूद करतं, खर्च करतं आणि मग खर्चाचे दाखले केंद्राच्या परकीय साहाय्य लेखा कार्यालयाकडे जातात. तिथून मागणी जागतिक बँकेकडे जाते, बँक डॉलर भारत सरकारच्या खात्यात भरते आणि केंद्र रुपयांत राज्याला देतं. ज्या राज्याकडे आधी खर्च करायला पैसा नाही, किंवा दाखले वेळेवर गोळा करणारी माणसं नाहीत, त्या राज्याचं मंजूर कर्जही कागदावरच राहतं.

आता हीच रीत खाली शेतकऱ्यापर्यंत कशी उतरते ते तुम्ही पाहिलंच असेल. पोर्टलवर नोंदणी करा, ग्राम कृषी संजीवनी समितीची मान्यता घ्या, पूर्वसंमती मिळाली की स्वतःच्या पैशानं ठिबक किंवा शेडनेट उभं करा, बिलं चढवा, मोका तपासणी होऊ द्या, मग अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यात येईल. पैसा मधल्यामध्ये गळू नये म्हणून ही पद्धत आणली आणि गळती थांबवायला ती उपयोगी आहे, हे मी मान्य करतो. पण शेडनेटला लाखांत खर्च येतो. तो आधी करायची ऐपत कुणाची? ज्याच्याकडे साठवलेला पैसा आहे, किंवा ज्याला सोसायटी नाहीतर सावकार उभा करतो, त्याचीच. दोन एकर कोरडवाहूवाल्याला, एकट्या बाईच्या नावावरच्या शेतीला ही पहिली पायरीच उंच पडते. हवामानाचा फटका सर्वांत जास्त ज्यांना बसतो, त्यांच्यापर्यंत पैसा पोचायला ही अडचण सर्वांत मोठी आहे असं मला वाटतं. बँकेच्या व्याजापेक्षाही मोठी.

व्याजाचंही सांगतो. बारावा वित्त आयोग येण्यापूर्वी परदेशी कर्ज केंद्र स्वतःच्या अटींवर राज्यांना द्यायचं. महाराष्ट्रासारख्या राज्यांना ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के अनुदान अशी विभागणी होती. २००५ पासून ते बदललं. आता बँकेचा व्याजदर, मुदत, हप्ते सगळं जसंच्या तसं राज्यावर येतं, आणि डॉलर महागला तर तो भुर्दंडही राज्याचाच. ईशान्येकडच्या आणि डोंगरी राज्यांना मात्र ९० टक्के अनुदान आणि १० टक्के कर्ज या प्रमाणात मिळतं. महाराष्ट्रासाठी डॉलरच्या भुर्दंडाचा अर्थ असा की २०१८ च्या वसंतात डॉलर ६५ रुपयांच्या आसपास होता, तेव्हा घेतलेल्या शंभर डॉलरचे साडेसहा हजार रुपये आले. डॉलर ८५ ला गेला की त्याच शंभर डॉलरच्या फेडीला साडेआठ हजार लागतात, व्याज वेगळं. शिवाय हे कर्ज राज्याच्या एकूण कर्जमर्यादेत धरलं जातं. म्हणजे तेवढं कर्ज दुसऱ्या कामासाठी काढता येत नाही.

थेट परदेशी बाजारात जायचे प्रयत्न झालेत, आणि त्यातून बरंच शिकण्यासारखं आहे. केरळनं २०१९ मध्ये किफबी या आपल्या पायाभूत सुविधा मंडळामार्फत लंडनच्या बाजारात मसाला बाँड विकून २,१५० कोटी रुपये उभे केले. मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी लंडन स्टॉक एक्स्चेंजमध्ये घंटा वाजवून त्याची सुरुवात केली. हे बाँड रुपयांत होते, त्यामुळे डॉलरची चढउतार गुंतवणूकदारानं सोसायची होती. त्याची किंमत केरळनं ९.७२३ टक्के व्याजात मोजली. पुढे महालेखापरीक्षकांनी कलम २९३ दाखवून त्यावर आक्षेप घेतला. महाराष्ट्राची वाट वेगळी होती. २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं आर्थिकदृष्ट्या सक्षम राज्य संस्थांना परदेशी सरकारी संस्थांकडून थेट कर्ज घ्यायची मुभा दिली आणि एमएमआरडीएनं मुंबईच्या सागरी सेतूसाठी, म्हणजे आजच्या अटल सेतूसाठी, जायकाकडून तसं कर्ज घेतलं. राज्यानं हमी दिली, केंद्रानं प्रतिहमी. पण सेतूला टोल आहे. पाण्याचा ताळेबंद, खारफुटी, दुष्काळ यांना टोल लावता येत नाही, म्हणून शेतकऱ्याच्या कामासाठी ही वाट फारशी उपयोगाची नाही.

प्रश्न : मी गेली काही वर्षं जर्मनीत नोकरी करतो. मूळ गाव धुळे जिल्ह्यात. साक्रीजवळच्या सौर प्रकल्पाला जर्मन पैसा मिळाला असं ऐकलं. म्हणजे आम्ही इथं भरतो तो कर तिकडे जातो का?
*— एक वाचक, स्टुटगार्ट*

उत्तर : साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरचा महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प केएफडब्ल्यू या जर्मन बँकेच्या कर्जातून उभा राहिला, हे खरं. ही बँक जर्मन सरकारच्या मालकीची आहे. तिचा बराचसा पैसा करातून येत नाही, बाजारातून येतो. पण तिच्या पाठीशी जर्मन सरकारची हमी असल्यामुळे तो तिला स्वस्तात मिळतो, आणि ती तो आपल्याकडच्या बाजारापेक्षा कमी दरानं पुढे देऊ शकते. जागतिक बँकेचंही असंच आहे. दोन्हींची खरी ताकद त्यांच्या पतीत आहे. तुमच्या कराचा थेट हातभार फार मोठा नाही, पण तुम्ही राहता त्या देशाच्या सरकारची पत तुमच्या गावच्या विजेला उपयोगी पडली, एवढं नक्की म्हणता येईल.

प्रश्न : कोकणात कांदळवनं आणि खेकडापालन यासाठी संयुक्त राष्ट्रांचा पैसा आला, तो परत करायचा नाही असं आम्हाला सांगितलं. मग शेतीसाठी कर्ज आणि खाडीसाठी अनुदान असा फरक का?
*— एक शिक्षिका, मालवण*

उत्तर : फरक पैसा देणाऱ्या संस्थेचा आहे. तुम्ही म्हणता तो पैसा हरित हवामान निधीचा, म्हणजे ग्रीन क्लायमेट फंडाचा. २०१० मध्ये कानकूनच्या हवामान परिषदेत हा निधी स्थापन करायचं ठरलं आणि त्याचं मुख्यालय दक्षिण कोरियातल्या सोंगदो इथं आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये या निधीनं आंध्र प्रदेश, महाराष्ट्र आणि ओडिशा या तीन राज्यांच्या किनारपट्टीसाठी ४.३४ कोटी डॉलरचं अनुदान मंजूर केलं. पूर्ण प्रकल्प मात्र १३ कोटी डॉलरचा. म्हणजे उरलेला सुमारे दोन तृतीयांश भार राज्य सरकारांनी उचलायचा होता. बाहेरचा पैसा म्हटलं की लोकांना वाटतं सगळं बाहेरूनच आलं. इथं मोठा वाटा आपलाच आहे.

या निधीकडे राज्य सरकारला स्वतःच्या नावानं अर्ज करता येत नाही. आधी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचं 'हरकत नाही' असं पत्र लागतं, कारण भारताच्या वतीनं बोलायचा अधिकार त्याच मंत्रालयाला आहे. मग निधीनं मान्यता दिलेली संस्था पुढे उभी राहावी लागते. आपल्याकडे नाबार्डला ती मान्यता २०१५ मध्ये मिळाली. ओडिशातल्या तलावांच्या पुनर्भरणाचा आणि सौरपंपांचा प्रकल्प नाबार्डमार्फतच गेला. तुमच्या किनारपट्टीच्या प्रकल्पात ती भूमिका संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमानं बजावली आणि महाराष्ट्रात काम सांभाळलं ते कांदळवन कक्षानं.

आणखी एक अट आहे आणि ती फार कस पाहणारी आहे. निधी विचारतो, तुमच्या अडचणीतला कुठला भाग हवामान बदलामुळे आहे आणि कुठला नेहमीच्या मागासलेपणामुळे? रस्ता नाही, शाळा गळते, पंप जुना आहे, ही कारणं तिथं चालत नाहीत. समुद्राची पातळी, वादळं, खाऱ्या पाण्याचं शेतात शिरणं, पावसाचे दिवस कमी होणं, असा वर्षानुवर्षांच्या नोंदींचा पुरावा लागतो. ज्या राज्यांकडे जुन्या नोंदी आहेत आणि त्या वाचू शकणारी माणसं आहेत, त्यांचेच प्रस्ताव तग धरतात.

कोकणाची जमेची बाजू अशी की सिंधुदुर्गात आधी एक लहान प्रकल्प होऊन गेला होता, जागतिक पर्यावरण सुविधा आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीचा. वेंगुर्ल्यात बचत गटाच्या बायकांनी होडीतून कांदळवनाची सफर घडवायला सुरुवात केली ती त्याच काळातली. लहान काम नीट करून दाखवलं, हिशेब दिला, त्यामुळे पुढच्या मोठ्या प्रस्तावाच्या पाठीशी दाखवण्यासारखं काही होतं. मराठवाड्यासाठी अनुदान मागायचं तर अशीच तयारी करावी लागेल.

आणि हे मागायलाच हवं. माझं याबाबत मत ठाम आहे. गोदावरी खोऱ्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्यानं हवेत सोडलेला कार्बन नगण्य आहे. तरीही बदलत्या पावसाशी जुळवून घेण्यासाठी त्याच्या राज्यानं डॉलरमध्ये कर्ज काढायचं आणि दोन दशकं फेडत बसायचं, यात न्याय नाही. श्रीमंत देशांनी २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत वर्षाला १०० अब्ज डॉलर द्यायचं वचन दिलं, २०२४ मध्ये बाकूत ते २०३५ पर्यंत ३०० अब्जांवर नेलं, पण सरकारी पैशातला मोठा हिस्सा कर्जाच्याच रूपानं येतो. भारतानं बाकूमध्ये त्या आकड्यावर उघड नाराजी व्यक्त केली, ती योग्यच होती. दुसरीकडे, अनुदान मिळेपर्यंत हात बांधून बसावं असंही मी म्हणणार नाही. पाण्याचा ताळेबंद मांडायला उशीर करण्याची चैन मराठवाड्याला परवडणारी नाही.

तुम्ही कोकणातल्या आहात म्हणून सांगतो, किनाऱ्यासाठी कर्जही आलेलं आहे. २०२४ मध्ये आशियाई विकास बँकेशी महाराष्ट्राच्या किनारा संरक्षणासाठी ४.२ कोटी डॉलरच्या कर्जाचा करार झाला आणि ते काम मेरीटाइम बोर्डाकडे आहे. शेजारच्या गोव्यानं त्याच वर्षी जागतिक बँकेच्या साथीनं सरकारी आणि खासगी पैसा एकत्र आणणारी हवामान निधीची योजना जाहीर केली.

प्रश्न : कर्ज आमच्या नावावर, ठरवणार मुंबई-दिल्ली-वॉशिंग्टन. काही चुकलं तर आम्ही विचारायचं कुणाला?
*— एक वाचक, अकोला*

उत्तर : विचारायला जागा आहेत, आणि त्या मिळवण्यात महाराष्ट्राच्या माणसांचा हात आहे. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेनं कर्ज दिलं होतं. त्यात आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली आदिवासी गावं बुडणार होती. नर्मदा खोऱ्यातल्या लोकांनी इतक्या नेटानं लढा दिला की बँकेला स्वतंत्र समिती नेमावी लागली. तिचा अहवाल १९९२ मध्ये आला, तो बँकेला अडचणीचा होता आणि १९९३ मध्ये उरलेलं कर्ज रद्द झालं. त्याच वर्षी बँकेनं तपासणी मंडळ स्थापन केलं, जिथं बाधित लोक थेट तक्रार करू शकतात.

त्याचा उपयोग मुंबईत झाला. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात हलवल्या जाणाऱ्या दुकानदारांनी आणि रहिवाशांनी २००४ मध्ये या मंडळाकडे तक्रारी केल्या. चौकशी झाली आणि मार्च २००६ मध्ये बँकेनं रस्ते आणि पुनर्वसन या भागांचा पैसा थांबवला. काही महिन्यांनी, सुधारणा करायचं ठरल्यावर, तो पुन्हा सुरू झाला. साध्या दुकानदारांच्या अर्जानं जागतिक बँकेचा पैसा थांबला, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे.

प्रत्येक वेळी इतक्या लांब जायची गरज नसते. प्रकल्पाचे मूळ दस्तऐवज आणि प्रगतीचे अहवाल जागतिक बँक आपल्या संकेतस्थळावर ठेवते. ते इंग्रजीत असतात, म्हणून गावातल्या एखाद्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला ते वाचून दाखवायला सांगा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार सरकारी कार्यालयानं योजनेचे लाभार्थी आणि खर्च स्वतःहून जाहीर करायचे असतात. ते न केल्यास अर्ज करा.

पोकराचा दुसरा टप्पा आता सुरू झालेला आहे. २१ जिल्हे, ७,२०१ गावं आणि ६,००० कोटी रुपये, त्यातले ४,२०० कोटी पुन्हा जागतिक बँकेच्या कर्जाचे. तुमचं गाव त्यात असेल तर येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी मागा : गावाचा पाण्याचा ताळेबंद, लाभार्थ्यांची यादी, आणि पूर्वसंमती मिळूनही पैशाअभावी काम सुरू करू न शकलेल्यांची यादी. पहिल्या दोन गोष्टी बहुतेक ठिकाणी तयार असतात. तिसरी कुणी करत नाही, म्हणून ती समितीकडून लिहून घ्या आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडे पोच घेऊन द्या.